पावसाच्या तोंडावर स्टेरॉइडचा पंप कमी करावा का?

खडूवाला (२७ मे, रात्री १०.१५)

मंडळी, डिचोलीत राहतो, शाळेत गणित शिकवतो, वय ४७. दमा लहानपणचा. मध्ये वीसेक वर्षं गायब होता, चाळिशीत परत आला आणि आता मुक्कामालाच आहे.

सध्या ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची (पहिलं स्टेरॉइड, दुसरं नळी सैल करणारं) ४०० ची कॅप्सूल चालू आहे. सकाळी एक, रात्री एक, यंत्रात घालून ओढायची. म्हणजे स्टेरॉइड दिवसाला ८०० मायक्रोग्रॅम. जानेवारीपासून एकदाही रात्री उठून बसलो नाही, धाप लागली की घ्यायचा निळा पंप ड्रॉवरमध्ये पडून. परवा डॉक्टरांकडे गेलो तर म्हणाले, छान चाललंय, आता ४०० ची २०० करू. ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण चिठ्ठीवरची तारीख आहे २५ मे.

माझा इतिहास असा. उन्हाळ्यात बरं वाटतं आणि मी आपला आपणच पंप सोडतो. (आईचं पालुपद ठरलेलं: "पंप घेऊं नाका, संवय जातली.") मृगाचा पाऊस लागतो, पंधरा दिवसांत भिंतीला ओल येते, कपाटातले बूट हिरवे होतात आणि जुलैत मी तोंडावर मास्क लावून नेब्युलायझरसमोर. गेल्या जुलैत प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडच्या गोळ्या) रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. त्याच्या आदल्या जुलैतही तेच. या वर्षी पहिल्यांदाच मे महिन्यात पंप सोडलेला नाही, आणि नेमका आता डोस अर्धा करायला सांगतायत.

तर प्रश्न दोन. डोस कमी करायला हीच वेळ का? आणि असा किती वर्षं घ्यायचा? डॉक्टरांना तिथेच का विचारलं नाही, असं विचारू नका. बाहेर चाळीस माणसं बसली होती.

माटोळी (२७ मे, रात्री १०.४०)

माझा प्रश्न वेगळा आहे, पण इथेच विचारते. मुलगा सहा वर्षांचा, आम्ही फोंड्याला असतो. त्याला स्पेसरमधून (पंपाला जोडायची ती प्लास्टिकची पोकळ नळी) ब्यूडेसोनाइड १००, दिवसातून दोनदा. सासूबाईंनी 'स्टेरॉइड' शब्द कुठेतरी वाचला त्या दिवसापासून घरात शांतता नाही. म्हणतात, पोराची उंची खुंटेल. खरं आहे का? खोटं असेल तर छापून फ्रिजला लावते.

म्हापशाचा_काउंटर (२८ मे, सकाळी ८.०५)

औषधाच्या दुकानात २२ वर्षं झाली. डोस किती, हे सांगणं माझं काम नाही. काउंटरमागून काय दिसतं तेवढं सांगतो.

मे महिन्यात स्टेरॉइडचे पंप आणि कॅप्सूल खपत नाहीत. सगळ्यांना बरं वाटत असतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून निळे पंप असे जातात की दुपारपर्यंत खोका रिकामा. जे गिऱ्हाईक मे मध्ये "हा राहू दे, नुसता निळा दे" म्हणतं तेच जुलैत रात्री साडेनऊला शटर ओढताना धापा टाकत येतं.

निळ्या पंपात साल्ब्युटामॉल. तो आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो, चार-सहा तास. नळीच्या आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायचं काम स्टेरॉइडचं, आणि ते पहिल्याच फवाऱ्याला जाणवत नाही, दिवस-आठवडे लागतात. म्हणून लोकांना वाटतं, निळा 'पावरफुल' आणि दुसरा 'पाणी'. निळ्यात २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर दम्याचा जोराचा झटका येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा लागले तर प्रश्न जिवाचा. माझ्याकडे महिन्याला एक नेणारे आहेत. सांगून पाहतो. हसतात.

आणि रंगावर जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव वाचा.

चिमटा (२८ मे, सकाळी ९.३०)

एकदा चालू केला की आयुष्यभर सुटत नाही असं औषध, आणि गिऱ्हाईक दर महिन्याला दारात. याला उपचार म्हणायचं की हप्ता? आमच्या वाड्यावर अडुळसा आहे, आलं आहे, मध आहे. दोघे जण तर दर मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जातात.

खडूवाला (२८ मे, सकाळी ९.५२)

बरे झाले का ते?

चिमटा (२८ मे, सकाळी ९.५५)

दरवर्षी जातात म्हटलं ना.

म्हापशाचा_काउंटर (२८ मे, सकाळी ९.५८)

😄 हप्ताच आहे की मग. वर रेल्वेचं तिकीट.

बांबोळीची_ओपीडी (२८ मे, दुपारी २.२०)

गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शिकले, आता मडगावच्या बाजूला फिजिशियन आहे. सर, तुमची छाती मी तपासलेली नाही, त्यामुळे हे लिहिते ते डोळे मिटून पाळू नका. तुमच्या डॉक्टरांना फोन करताना हाताशी ठेवा.

डोस कमी करायचा विचार चुकीचा नाही. दमा सलग तीन महिने आटोक्यात असेल तर स्टेरॉइडचा डोस पाव ते अर्ध्याने कमी करून बघायचा, हा सर्वमान्य नियम आहे. मोठ्या माणसांत ब्यूडेसोनाइड दिवसाला २०० ते ४०० म्हणजे कमी डोस, ४०० च्या वर ८०० पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. तुम्ही मध्यमच्या वरच्या टोकाला आहात. २०० ची दोनदा केली की ४००, म्हणजे कमीच्या वरच्या टोकाला. बहुतेकांचा दमा कमी डोसवरच आटोक्यात राहतो. डोस दुप्पट केला म्हणून फायदा दुप्पट होत नाही, त्रास मात्र वाढत जातो.

पण त्याच नियमाला एक शेपूट आहे: वेळ बघून कमी करा. सर्दी-ताप चालू असताना नको, प्रवासाच्या तोंडावर नको, गरोदरपणात नको. आणि ज्याचा दमा ठरावीक ऋतूत उचल खातो त्याने त्या ऋतूच्या उंबऱ्यावर नको. आपल्याकडे चार महिन्यांत साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, ओलीबरोबर बुरशी येते, गादीतली धुळीची कीड वाढते आणि शाळा सुरू झाल्या की घराघरांत सर्दी. सलग दोन जुलैत गोळ्या घ्याव्या लागल्यात, हे तुमच्या डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. बहुधा तेच म्हणतील, पावसाळा काढू आणि मग उतरू.

बंद करण्याबद्दल: मोठ्यांच्या दम्यात स्टेरॉइड पूर्ण थांबवणं सहसा नको. कमीत कमी डोसवर आणायचं आणि तिथे राहायचं. तुम्ही दरवर्षी मे मध्ये सोडता आणि जुलैत फेडता, हा प्रयोग तुमचा तुम्हीच दोनदा करून झालाय.

आता माझा प्रश्न. तुम्ही ती कॅप्सूल नेमकी कशी घेता? झाकण उघडल्यापासून तोंड पुसेपर्यंत सगळं लिहा. काहीही गाळू नका.

खडूवाला (२८ मे, रात्री ९.१०)

वर्गातल्या पोरासारखं वाटलं, पण लिहितो.

कॅप्सूलची बाटली बाथरूमच्या कपाटात असते, ब्रशशेजारी, म्हणजे विसरत नाही. कॅप्सूल काढतो, पारदर्शक टोक खाली करून रोटाहेलरच्या चौकोनी भोकात दाबतो, वरच्या कडेशी सपाट होईपर्यंत. तळ फिरवतो, आत टक् होतं. मग यंत्र तोंडात धरून एक मोठा श्वास सोडतो, छाती रिकामी करतो, आणि तसंच तोंड न काढता हळूहळू, सावकाश ओढतो. इंटरनेटवर वाचलं होतं, पंप सावकाश ओढायचा. मग चहा.

बांबोळीची_ओपीडी (२८ मे, रात्री ९.४५)

सर, राग मानू नका, चार चुका आहेत.

बाथरूम: पहिली. ही कोरडी पूड आहे. वाफेने, दमट हवेने तिच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात तर स्वयंपाकघरातही बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावायचं. कॅप्सूल आदल्या रात्री काढून ठेवायची नाही, यंत्र धुतलं तर खडखडीत वाळल्याशिवाय वापरायचं नाही.

दुसरी, यंत्रात श्वास सोडणं. अर्धी पूड तिथेच उडते, उरलेली तुमच्या श्वासाने ओली होते. श्वास सोडायचा तो तोंड बाजूला करून.

तिसरी सगळ्यात मोठी. सावकाश ओढायचं असतं गॅसच्या फवाऱ्याच्या पंपाला. तिथे औषध आधीच वेगात असतं, तुम्ही घाई केलीत तर ते घशावर आपटतं. पुडीच्या यंत्रात गॅस नाही, पुडीला उचलणारा वारा म्हणजे तुमचाच श्वास. तिथे सुरुवातीपासून जोरात आणि खोल ओढायचं. मग तोंड मिटून मनात दहा मोजा. मग यंत्र उघडून बघा, पूड उरली असेल तर परत एकदा.

चौथी, गुळण्या. फक्त चहा नाही. खळखळून चूळ, घशापर्यंत गुळण्या आणि थुंकणं. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी, आणि आवाज बसतो. शिक्षकाला आवाज बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

यंत्र कुठलंही असलं आणि अगदी बरोबर वापरलं तरी बराचसा भाग तोंडात-घशातच अडकतो. तुमच्या पद्धतीने ८०० मधले फुप्फुसात किती पोचत होते देव जाणे. त्यामुळे आधी हे नीट करा. तुमच्या डॉक्टरांना हेही सांगा, कारण तंत्र सुधारलं की त्याच कॅप्सूलमधून जास्त औषध पोचेल आणि पुढे डोस उतरवणं सोपं जाईल.

तिसरा_टिपर (२९ मे, सकाळी ६.५०)

सरांचं वाचून धीर आला म्हणून लिहितो. साखळी पट्ट्यात खनिजाचा टिपर चालवायचो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, गाडी विकली. धूळ गेली, दमा राहिला. डॉक्टर म्हणाले धुळीने चाळवला असेल, पण मूळ तुझ्यातच होतं, माझ्या आजीला होता.

मला पहिल्यांदा कॅप्सूल दिल्या तेव्हा यंत्र दुकानात संपलं होतं, "नंतर या" म्हणाले. मी गेलो नाही. कॅप्सूल आहे तर गिळायची असणार. दोन महिने सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळल्या. परत गेलो, डॉक्टरांना म्हटलं, तुमच्या औषधाचा गुण नाही. त्यांनी विचारलं कशी घेतोस. सांगितलं. बिचारे हसले पण नाहीत, डोक्याला हात लावून बसले.

म्हापशाचा_काउंटर (२९ मे, सकाळी ८.१०)

टिपरबाब, तुम्ही एकटे नाही. म्हणून मी आता पहिल्यांदा नेणाऱ्याला रिकामं यंत्र हातात देतो आणि समोर ओढायला लावतो. मागे रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

फवाऱ्याच्या पंपाबद्दलही लिहून टाकतो. हलवायचा. नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी एक-दोन फवारे हवेत. एका वेळी एकच फवारा, दुसरा अर्ध्या-एक मिनिटाने, परत हलवून. स्पेसर लावला तर औषध घशात कमी, छातीत जास्त, आणि हात-श्वासाचा मेळ बसवायची कटकट नाही. लोकांना स्पेसर लहान मुलांचा वाटतो, मोठी माणसं लाजतात. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की प्लास्टिकवर वीज बसते आणि औषध भिंतीला चिकटतं. पावसात वाळायला दोन दिवस घेतो, म्हणून शनिवारी रात्री धुऊन पंख्याखाली ठेवा असं सांगायचो, पण मग रविवारी औषध कशातून? दोन स्पेसर घ्या, परवडत असेल तर.

डबा किती उरला ते पाण्यात तरंगवून कळत नाही. जुनी युक्ती आहे, चुकीची आहे. १२० फवाऱ्यांचा डबा, दिवसाला चार, म्हणजे तीस दिवस. सुरू केल्याची तारीख मार्करने डब्यावर लिहा.

जुनी_पणजी (२९ मे, दुपारी ४.००)

वय ७८. आमच्या लहानपणी आजोबांना दमा होता. आजी धोतऱ्याची सुकी पानं निखाऱ्यावर टाकायची आणि आजोबा घोंगडी पांघरून तो धूर ओढायचे. आराम पडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग अंगणात भलतंसलतं बडबडत बसायचे, तेही पाहिलंय. पुढे वडिलांच्या वेळी गोळ्या आल्या. चेहरा चंद्रासारखा गोल, पाठीचे मणके ठिसूळ. मला १९९० च्या सुमाराला ओढायचं स्टेरॉइड मिळालं. तीन पिढ्यांत मीच एकटी धडधाकट म्हातारी झाले. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदू झालं, पण ते आमच्या गल्लीत सगळ्यांचंच झालंय.

बांबोळीची_ओपीडी (२९ मे, रात्री ८.३०)

आजी, धोतऱ्याने खरंच नळ्या सैल होतात. त्यातल्या द्रव्यांचीच सुधारलेली भावंडं आज आम्ही पंपातून देतो, बडबड वगळून. ओढायचं स्टेरॉइड १९७२ पासून वापरात आहे. आधी बेक्लोमेथासोन, मग ब्यूडेसोनाइड, फ्लुटिकासोन. म्हणजे पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी आहे, कालचं औषध नव्हे.

माटोळी, तुमचं राहिलं होतं. सासूबाई पूर्ण चुकीच्या नाहीत, म्हणून फ्रिजला लावण्यासारखं काही मिळणार नाही. अमेरिकेत मुलांना चार-सहा वर्षं ब्यूडेसोनाइड दिवसाला ४०० देऊन पुढे मोठेपणी उंची मोजली. २०१२ साली ते निकाल आले: सरासरी १.२ सेंटिमीटरचा फरक. तो सुरुवातीच्या काळात पडतो आणि पुढे दरवर्षी वाढत जात नाही. तुमचा मुलगा २०० वर आहे. त्याची उंची दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करून मोजा, डॉक्टरांना आकडे दाखवा. आणि सासूबाईंना विचारा, रात्र रात्र खोकणारं, न जेवणारं, वर्षातून तीनदा स्टेरॉइडचं तोंडावाटे सिरप घेणारं पोर किती उंच होतं?

माटोळी (२९ मे, रात्री ९.०५)

सव्वा सेंटिमीटर. म्हणजे माझ्या बोटाच्या एका पेराहून कमी. दाखवलं त्यांना. म्हणाल्या, "पूण उणी जाता मगो!" हो, उणी जाते. मास्क लावून धरायचा हक्क मात्र आज पहिल्यांदा त्यांनी मागून घेतला.

खडूवाला (३० मे, सकाळी ७.२०)

गणितवाल्याला राहवलं नाही. ४० मिलिग्रॅम गुणिले ५ दिवस, २०० मिलिग्रॅम, म्हणजे २,००,००० मायक्रोग्रॅम. माझे रोजचे ८००. भागाकार २५०. म्हणजे जुलैतल्या एका आठवड्यात मी अडीचशे दिवसांच्या पंपाएवढं स्टेरॉइड पोटात घातलं! आईला फळ्यावर लिहून दाखवणार आहे.

चिमटा (३० मे, सकाळी ८.०१)

सर, थांबा. दोन्ही औषधांची ताकद सारखी आहे का? नसेल तर वजनाने तुलना म्हणजे फेणी आणि बियर बाटलीने मोजल्यासारखं.

बांबोळीची_ओपीडी (३० मे, दुपारी १.४०)

चिमटा बरोबर बोलतायत. मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम लावला तर ब्यूडेसोनाइड प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी कडक आहे. सर, तो भागाकार फळ्यावर लिहू नका.

पण फरक दुसरीकडे आहे. गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळ्या अंगात जाते. पंपाचं औषध नेमकं नळ्यांवर पडतं. घशातून जे गिळलं जातं त्यातलं बहुतेक यकृत पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. ब्यूडेसोनाइडचा साधारण दहावा हिस्सा निसटतो, फ्लुटिकासोनचा तर शंभरात एकही नाही. त्यामुळे कमी-मध्यम डोसला अंगावर होणारा परिणाम गोळीच्या मानाने फार थोडा. जास्त डोस वर्षानुवर्षं घेतला तर मात्र मोतीबिंदू, हाडं, पातळ कातडी आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचं स्वतःचं स्टेरॉइड कमी पडणं, हे सगळं पंपानेही होऊ शकतं. म्हणूनच जास्त डोस अचानक तोडायचा नाही, आणि म्हणूनच आटोक्यात आलं की उतरवायचा.

'सवय'? चष्म्याची लागते तशी. आणि हे स्टेरॉइड दंड फुगवायला जिममध्ये घेतात ते नव्हे, ते वेगळं कूळ.

कदंबाची_खिडकी (३० मे, रात्री १०.१०)

पाचवा महिना चालू आहे. सगळे सांगतात पंप बंद कर, बाळाला लागेल. करू का?

बांबोळीची_ओपीडी (३० मे, रात्री १०.१४)

नको. ब्यूडेसोनाइडचा गरोदरपणातला अनुभव भरपूर आणि चांगला आहे. आईला धाप लागली की बाळाला ऑक्सिजन कमी पडतो, खरी काळजी ती. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि दम्याच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. उद्याच.

खडूवाला (३१ मे, सकाळी ७.००)

आणखी एक. भाच्याला (वय २२, वर्षातून पाच-सहा वेळाच त्रास) पुण्यात डॉक्टरांनी निळा पंप दिलाच नाही. ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल २००/६ चा (एका फवाऱ्यात पहिलं २०० मायक्रोग्रॅम, दुसरं ६) एकच पंप, "लागेल तेव्हा घे". हे कसं? मग मीही धाप लागली की माझी ४०० ची जादा ओढू का?

बांबोळीची_ओपीडी (३१ मे, दुपारी २.३०)

भाच्याचं बरोबर आहे. २०१९ पासून जिना ही दम्याची जागतिक मार्गदर्शक संस्था सांगते की बारा वर्षांवरच्या कुणालाही नुसता निळा पंप नको. फॉर्मोटेरॉल निळ्याइतक्याच लवकर काम करतं आणि सोबत थोडं स्टेरॉइड जातं, म्हणजे धाप लागली की सुजेचंही औषध आपोआप पोचतं. हाच पंप काही जणांना रोज आणि शिवाय लागेल तेव्हा असाही देतात. मोठ्यांत दिवसाला सगळे मिळून १२ फवाऱ्यांची मर्यादा. तिथपर्यंत जायची वेळ आलीच तर मुक्काम घरी नको.

पण तुमच्या ४०० च्या कॅप्सूलने हे करायचं नाही. हा हिशेब २००/६ चा आहे. साल्मेटेरॉल असलेल्या पंपाने तर मुळीच नाही, ते सावकाश काम सुरू करतं. तुमच्यासाठी निळा आहे तो त्यासाठीच.

आणि हे सगळ्यांसाठी. एक वाक्य दमात पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर, निळ्याचा गुण तासभरही टिकत नाही: १०८ ला फोन. गाडी येईपर्यंत निळा स्पेसरमधून, एकेक करत चार ते दहा फवारे, वीस मिनिटांनी परत. मालीश, वाफ, काढा यात वेळ घालवू नका.

खडूवाला (२ जून, रात्री ९.००)

डॉक्टरांना भेटलो. दोन्ही जुलै सांगितले, चार चुका सांगितल्या. ते म्हणाले, "हे आधी का नाही बोललात?" बाहेर चाळीस माणसं होती, हे त्यांनाही सांगितलं. हसले. गणपतीची चवथ होईपर्यंत ४०० च, पण नीट ओढायची. एक पीक-फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं) घ्यायला लावलं, उभं राहून जोरात फुंकायचं आणि तीनपैकी मोठा आकडा वहीत लिहायचा. आजचा ३४०.

बाटली आता चहाच्या डब्याशेजारी. चहा टाकला की कॅप्सूल, उकळी येईपर्यंत गुळण्या.

खडूवाला (१९ सप्टेंबर, रात्री ९.३०)

धागा वर काढतोय. पाऊस झाला, चवथ झाली, नेब्युलायझर नाही, गोळ्या नाहीत.

अगदी निर्मळ गेलं असं नाही. चवथीआधी घराला रंग काढला तेव्हा पीक-फ्लो ४३० वरून ३६० ला घसरला, आठवड्यात चारदा निळा लागला. दोन रात्री म्हापशाला बहिणीकडे झोपलो. आरतीला कापूर पेटला की मी गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखालून उठून सोप्यावर. शेजारच्यांच्या फटाक्यांचं काय करणार, खिडक्या लावल्या. जुलैत एक आठवडा आवाज बसला होता, गुळण्या घाईत उरकत होतो म्हणून. सहावीचा वर्ग खूश होता.

आई अजून "संवय" म्हणते. पण सकाळी मी निघायच्या घाईत असलो की "पंप घेतलो मरे?" तीच विचारते.

२०० ची कॅप्सूल व्हडल्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न झालं की. उतरवल्यावर पुढचे तीन महिने आकडे लिहायचे, घसरले तर परत वर. कॅलेंडरवर खूण केलीय.

तिसरा_टिपर (२० सप्टेंबर, सकाळी ६.४५)

सर, उतरवलं की इथे आकडे टाका. मलाही ४०० वरून यायचंय. फक्त आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत काजूच्या बागा साफ करून पाला पेटवतात, महिनाभर धूर गावावर असतो. माझा जून तेव्हा असतो. मी बहुतेक एप्रिलात विचारीन डॉक्टरांना.